गेटच्या बॅटरीवर कोणाचा तरी डोळा

३ मार्च, मंगळवार
आजपासून गेटची जबाबदारी माझी. ते ढकलता ढकलताच आईचा खांदा गेला. ऑपरेशन झालं, आता मावशीकडे आहे, पंधरा तारखेला घरी येणार. ढकलणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून रिमोटवर चालणारी मोटर, खांबावर सोलर पॅनल, खोक्यात बॅटरी. दादाला घरातून वायर टाकायची होती. वायर म्हणजे आईच्या गुलाबांमधून चर. मी ठाम नाही म्हटलं. आई येईल तेव्हा गेट आपोआप उघडेल आणि गुलाबही जागेवर असतील. दादा म्हणाला, बघू. त्या बघूचा सूर बरा नव्हता.

संध्याकाळी
उत्तम चालतं. खात्री म्हणून बारा वेळा उघडून पाहिलं. वहीत प्रत्येक वेळेची एक रेघ. शाळेच्या आधी आईने घरीच मुळाक्षरं शिकवली, आणि त्यासोबत हेही, की कुलूप लावलं की ओढून पाहायचं.

६ मार्च
बॅटरीवरच्या, चार्ज दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी दोनच लागतात. वीज गेली कुठे?
शेजारचे काका खांबापाशी थांबून म्हणाले, मजा आहे बुवा, फुकटची वीज. फुकटची यावर जोर. त्यांच्या अंगणात कालपासून नवा दिवा आहे.
ठरवलं: दर तासाला गेट उघडून पाहायचं.

८ मार्च
एकच दिवा. तासातासाला पाहूनही! म्हणजे चोर मधल्या वेळात येतो. उद्यापासून अर्ध्या तासाने.

१० मार्च
गेट बंद पडलं. सोलरवाला आला. पॅनल स्वच्छ, सावली नाही, बॅटरी नवी. दिवसातून किती वेळा उघडता, विचारलं त्याने. चार वेळा, मी म्हटलं. घरातून बाहेर जाणारे आम्ही दोघंच. त्याने दादाकडे पाहिलं, दादाने आभाळाकडे. या दोघांचं काहीतरी ठरलंय.
भरून आणतो म्हणून बॅटरी दुकानात नेली. तीच परत येते का पाहू. खाली पेनाने खूण केली आहे.

१२ मार्च
काकांना दिव्याबद्दल सहज विचारलं. त्यांनी दिवाच काढून माझ्या हातात दिला. दिव्याच्या डोक्यावर स्वतःचं इवलंसं पॅनल. तुला हवा का, म्हणाले. पुरावा दाखवायची एवढी घाई कशाला?

१३ मार्च
बॅटरी आली, चारही दिवे. खूण जागेवर आहे. खूण काय, कोणीही करेल.
दादाने फावडं धुऊन ठेवलंय. परवा गेट उघडलं नाही, तर सोमवारी चर.

१४ मार्च
सकाळपासून खांबाशेजारी स्टूल टाकून बसले. उठले नाही. दादाने जेवण तिथेच आणून दिलं, वर म्हणाला, हवालदार, आणखी काही? कोणीही आलं नाही. वायर कोणी कापली नाही ना, एवढंच दर दहा मिनिटांनी गेट उघडून पाहत होते. संध्याकाळी दोन दिवे. मी समोर बसलेली असताना चोरी!

१५ मार्च, सकाळी
ढगाळ. एक दिवा. आई येईपर्यंत रिमोटला हात लावणार नाही. शेवटचं एकदा पाहिलं. काका डोकावून गेले, म्हणून आणखी दोनदा.

दुपारी
मावशीची गाडी आली. रिमोट दाबला. गेट वीतभर सरकलं, कण्हलं, थांबलं. आई उतरली आणि सवयीने दुखराच हात पुढे केला. मी किंचाळले. दादाने मोटर चावीने सोडवली आणि गेट ढकललं. मग फावड्याकडे पाहिलं.

१६ मार्च, सोमवार
फावडं भिंतीला टेकवलेलं. चर खणण्याआधी सोलरवाल्याने खोकं उघडून दाखवलं. गेट किती वेळा उघडलं, ते मोटर मोजून ठेवते. दोनशे एक्कावन्न. बघा, मी म्हटलं, मी सांगत नव्हते?
आईने माझी वही मागितली. डाव्या हाताने पानं उलटत रेघा मोजल्या. दोनशे चौदा.
उरलेले सदतीस, मी लगेच विचारलं.
आपणच, दादा म्हणाला. राहतो ना इथे.
आईने वही मिटली. मग म्हणाली, कुलूप एकदाच ओढून पाहायचं असतं गं. तेवढं सांगायचं राहिलं माझं.
दादा फावडं आत घेऊन गेला. गुलाब वाचले. रिमोट आता आईकडे असतो.
गेट नीट बंद आहे, असं आई म्हणते.