आंबील कमी पडली

परळ,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय इरावती,

तू मजेत असशील. माझा गुडघा आता बरा आहे. आपल्या धावण्याच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर उत्तराला नुसते अंगठे आले असते, म्हणून कागद घेतला.

रविवारचं धावणं संपलं की फाइव्ह गार्डनच्या बाकावर रिकव्हरी ड्रिंक आणायची आपल्यात दर वेळी एकेकाची पाळी असते. माझ्या पाळीला आईची आंबील. नाचणीची, ताकातली, लसूण-जिऱ्याची. "मालनमावशींनाच कोच करा," असं तूच म्हणायचीस.

मग माझा गुडघा दुखावला. तू आणि ग्रुपमधला हितेंद्र पहिल्यांदाच घरी आलात. आईने पाणी पुढे केलं. "आत्ताच प्यायलो, मावशी," तू म्हणालीस. तुझी नजर भिंतीवर होती. बुद्ध आणि बाबासाहेब तिथे माझ्या जन्माआधीपासून आहेत.

मी परत धावायला आले त्या रविवारी, आंबिलीचा कॅन उघडायच्या आतच हितेंद्र म्हणाला, "आता फक्त सीलबंद हां! हायजीन, यार. मॅरेथॉन तोंडावर आलीय, पोट बिघडलं तर?" आणि तू हसून म्हणालीस, "सुचित्रा, तू कशाला एवढा त्रास घेतेस? नुसती केळी आणत जा."

भरलेला कॅन मी वाटेत ओतून दिला. घरी आईने विचारलं, "पुरली का गं सगळ्यांना?"

"कमी पडली," मी म्हटलं.

स्वतःला बजावलं, नियम सगळ्यांनाच आहे, नाही तिथे नाही ते शोधू नये. पण गेल्या रविवारी तू घरून बरणीभर कोकम सरबत आणलंस. सील कुठे होतं? हितेंद्रने दुसरा ग्लास मागून घेतला. मी केळी वाटली. केळ्याला साल असते, इरा. आतल्या गराला माझा हात लागत नाही.

या रविवारी पुन्हा माझी पाळी. आईने मोठं पातेलं काढलंय. मागच्या वेळी कमी पडली ना! पहिला पेला सगळ्यांसमोर तुझ्याच हातात द्यावा, असं मनात आलं होतं. पण तू प्यायली असतीस, तर मला ते उपकारासारखं वाटलं असतं. ते नको. मी येणार नाही. हे पत्र टाकून आले की आईला सगळं सांगेन.

तिने तुला आशीर्वाद कळवायला सांगितलेत. तिला अजून काही माहीत नाही, म्हणून ते पोचवते आहे. माझ्याकडून काही नाही.

सुचित्रा