दोन पट्ट्या खाली

१२ फेब्रुवारी,
लाँड्रीच्या वरची खोली, दुपार

प्रिय ताई,

मी बरा आहे. तूही बरी आहेस असं दाजींकडून कळतं, कारण तुझ्याकडून तर काहीच कळत नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि पुढे शुकशुकाट. म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, शाळा सुटल्यापासून पेन फक्त सह्यांपुरतं धरलंय.

बातमी अशी की मी बेस गिटारसाठी पेडल घेतलंय. पेडल म्हणजे पायाने दाबायचा तो डबा. हो, तेच ते, ज्यांना तू "याची भांडीकुंडी" म्हणतेस आणि दर कार्यक्रमाला एकाला तरी अडखळतेस.

झालं असं, तू यायची बंद झालीस तरी मंगळवारची तालीम आम्ही चालू ठेवली. खाली इस्त्र्या चालू, वर आम्ही घामाने ओले, सगळं पहिल्यासारखं. पण वाजतं पोकळ. ड्रमवरचा आपला ढोल्या म्हणाला, "तुझा बेस जरा जाड कर रे, म्हणजे भरल्यासारखं वाटेल." मग गेलो दुकानात ऑक्टेव्ह पेडल बघायला. ते काय करतं, तर तू जो स्वर वाजवशील त्याच्या एक सप्तक खालचा स्वर सोबत काढतं. तीन लावून बघितली. एकाने तर काउंटरची काच थरथरवली! मी इतका खूश झालो की पाकीट बाहेर काढलं. फक्त शेवटची जाड तार वाजवली की ते गडबडायचं. नुसती घरघर, घसा बसलेल्या माणसासारखी.

बघ, काय लिहून बसलो. खोडणार होतो, पण राहू दे. इतक्या ओळी मी त्याच विषयाला वळसा घालतोय, आणि तू ते कधीच ओळखलं असशील.

दुकानात तेच पेडल बांधून घेत होतो तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. "मामा, आई आता स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणत नाही." बस, एवढंच. पुढे काही नाही. मी तिथेच स्टुलावर बसलो. दुकानदार म्हणाला, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, हे पेडल नको.

ताई, त्या संध्याकाळचं आज सांगतो. मधल्या चार महिन्यांत मी ते कुणालाच खरं सांगितलेलं नाही.

कार्यक्रमाआधी, स्टेजमागच्या त्या खुर्च्यांच्या खोलीत, तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "शेवटचं गाणं दोन पट्ट्या खाली घेऊ या का? ऑपरेशननंतर वरचं नीट लागत नाहीये." तू कधी कुणाकडे काही मागत नाहीस. गळ्यावरची पट्टी निघून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. आणि मी काय म्हणालो? "ऐन वेळी कसली नाटकं? ठरलंय तसं होऊ दे." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

सगळ्यांना मी नंतर सांगितलं की खालच्या पट्टीत तालीम नव्हती, गोंधळ झाला असता. साफ खोटं! गिटारवाल्याने बोटं सरकवली असती की झालं असतं. कीबोर्डला पट्टी बदलायचं बटणच आहे. अडत होतं ते फक्त माझ्यापाशी. त्या गाण्याची सुरुवात माझी आहे ना, एकट्या बेसची, आणि ती सगळी त्या सर्वांत जाड मोकळ्या तारेवर उभी आहे. त्याच्या खाली माझ्याकडे स्वरच नाही. दोन पट्ट्या उतरलो असतो तर माझी ती सुरुवात गेली असती. वीस सेकंदांच्या टाळ्या गेल्या असत्या.

आणि खरं सांगू? तेही गेलं नसतं. तार थोडी सैल केली असती तरी भागलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण मला कुणी शेवटच्या क्षणी सांगितलेलं खपत नाही, त्यातून तू सांगितलेलं तर नाहीच. लहानपणापासूनची खोड.

मग काय झालं ते तुला माहीतच आहे. माझ्या सुरुवातीला टाळ्या पडल्या. आणि वरच्या ओळीला तुझा आवाज फाटला, तू थांबलीस, माइक स्टँडला लावलास आणि आत गेलीस. मी वाजवत राहिलो, ताई. गाणं संपेपर्यंत वाजवत राहिलो. लोकांना वाटलं तुझा घसा गेला. घसा नव्हता गेला, माझी अक्कल गेली होती. मला माफ कर. चार महिने हे तीन शब्द घेऊन फिरतोय.

तर दुकानदाराला मी म्हटलं, सप्तकभर खाली नको, थोडंथोडं खाली नेणारं दाखवा. तसं असतं एक. पिच बदलणारं. एक बटण फिरवलं की अख्खा बेस अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली येतो, तारांना हात न लावता. तार सैल करून एक-दोन पट्ट्या जमतं, त्याहून खाली गेलं की ती लोंबकळते. याला ती भीती नाही. दुकानदार म्हणाला, "गाणाऱ्यांना किती खाली हवंय?"

आणि मला सांगता येईना. बावीस वर्षं तुझ्या मागे उभा राहून वाजवतोय, आणि तुझा आवाज आता कुठे बसतो हे मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. मी म्हटलं, विचारून सांगतो, आणि पेडल घेऊन आलो.

काल तालमीत एकापासून पाचापर्यंत सगळीकडे वाजवून बघितलं. तीनवर माझी सुरुवात पहिल्यापेक्षा बरी वाटते, असं ढोल्याचं मत. मेल्याला आधी सुचलं नाही. पण तीन हा आमचा आकडा. तुझा कुठला, ते आम्हाला ठरवता येत नाही.

रविवारी अकराला बेस, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि हा डबा घेऊन येतो. आवाज जरा मोठा ठेवावा लागेल, नाहीतर तारेचा मूळ स्वरही ऐकू येतो आणि दोन्ही भांडत बसतात. शेजाऱ्यांना सांगून ठेव. तू काही गाऊ नकोस हवं तर, खुर्चीत बसून नुसतं तोंडातल्या तोंडात म्हण. मी एकेक अर्धा स्वर खाली येत जाईन. बरं वाटेल तिथे थांब म्हण. कुठेच नाही वाटलं, किंवा गायचंच नाही म्हणालीस, तर चहा पिऊन परत जाईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. दाजींना नमस्कार, भाचीला पापा.

तू सांगशील त्या पट्टीत वाजवणारा,
तुझा धाकटा