पावणेसहाचा सूर्यास्त

बर्डिक फोर्क, नेब्रास्का
९ मार्च १९७१

परमादरणीय लिओनोरा आत्याबाई यांसी,

ल्युशियनचा सविनय नमस्कार. आपला डावा गुडघा थंडीत कसा वागला ते कळवावे. (उजव्याची चौकशी करीत नाही, त्याच्याविषयी आपण कधी तक्रार केल्याचे स्मरत नाही.) माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य एरवी मी शिष्टाचार म्हणून लिहितो. या खेपेस ते निवेदन म्हणून वाचावे, कारण मी शनिवारी मरण पावलो अशी वार्ता आपल्यापर्यंत पोहोचली असणार.

दुसऱ्या केंद्राच्या मालकीण मिसेस स्ट्रोमायर यांनी आपल्याकडे कागद धाडले आहेत आणि आपल्या नावचा आकाशवाणी केंद्राचा अर्धा हिस्सा त्यांना विकण्याविषयी आपण वीस तारखेपर्यंत निर्णय देणार आहात, हे मला ठाऊक आहे. शनिवारच्या प्रकारावरून केंद्र अयोग्य हाती पडले आहे, असे त्या आपणास पटवून देतील. म्हणून तो प्रकार यथातथ्य कळवतो. त्यात माझी शोभा होणार असली तरी निदान व्याकरणशुद्ध होईल.

आपले धाकटे बंधू, म्हणजे माझे वडील, यांनी एकोणीसशे पन्नासात कापणीयंत्र विकून पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत हे केंद्र कसे उभारले, ते आपण जाणता. मालक तेच, निवेदक तेच, जाहिराती गोळा करणारे तेच आणि जिना झाडणारेही तेच. आजूबाजूच्या प्रत्येक गावात अशीच केंद्रे होती आणि असेच मालक होते: कुणी दंतवैद्य, कुणी शवपेट्यांचा व्यापारी. सकाळी डुकरांचे भाव, साडेनवाला अदलाबदल (कुणाची शिलाईयंत्रे, कुणाची बदके), दुपारी बाराला ऑर्गनच्या सुरावर मयतांची नावे. वडिलांनी वीस वर्षांत एकाही जर्मन संगीतकाराचे नाव बरोबर उच्चारले नाही. मी विद्यापीठात एकोणीस वर्षे उच्चारशास्त्र शिकवले; ऑक्टोबरात त्यांच्या अंत्यविधीहून येऊन त्यांच्या खुर्चीत बसलो, तेव्हा काय काय दुरुस्त करावे लागेल याची यादी खिशातच होती.

अशा लहान केंद्रांना फक्त दिवसा बोलण्याची परवानगी असते, हे आपण विसरला नसाल. सूर्यास्ताला गप्प बसायचे. कोणत्या महिन्यात सूर्य किती वाजता मावळतो, ते सरकारी परवान्यावर छापलेले असते. हा परवाना मला शनिवारी सकाळी तंबाखूच्या डब्याखाली सापडला. मार्च: पावणेसहा. आमचे यंत्रज्ञ ऑर्व्हल टिबेट (ज्यांना वडिलांनी वीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टर दुरुस्तीवरून उचलले) मात्र या महिन्यात रोज पावणेसात वाजता केंद्र बंद करीत. म्हणजे इतकी वर्षे दररोज एक तास कायदेभंग. मी केंद्राची किल्ली माझ्याकडे घेतली.

त्याच सायंकाळी जिल्ह्याच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना होता आणि त्याचे वर्णन आमच्या केंद्रावरून चालू होते. पावणेसहाला बावन्न सेकंदांचा खेळ उरला होता, आपली शाळा एका गुणाने मागे होती आणि क्रम घराण्यातला मुलगा दोन मुक्त फेकी टाकायला उभा होता.

"प्रोफेसर, खिडकीतून बघा तरी," ऑर्व्हल म्हणाले. "ऊन आहे अजून. कोंबड्यासुद्धा आत गेल्या नाहीत."

मी म्हटले की, जे लेखी आहे त्याची कोंबड्यांकडून खातरजमा करण्याची मला सवय नाही.

"अहो, पण तो कागद..."

"कागद सरकारी आहे," मी म्हटले, समारोपाचे निवेदन प्रत्येक अक्षराला न्याय देत पूर्ण वाचले आणि कळ खाली ओढली. मग घरी चालत निघालो. वाटभर ऊन डोळ्यांत जात होते म्हणून टोपी पुढे ओढून घेतली. त्यावरून काही निष्कर्ष काढावा, असे मला सुचले नाही.

घरासमोर नऊ मोटारी उभ्या होत्या. ओसरीत, मयताच्या घरी शेजारी नेतात तशी, अकरा झाकलेली भांडी: शेवया आणि मासे, बटाटे आणि मलई, डुकराचे मांस आणि पुन्हा बटाटे. झाले असे होते की, वडील गेले त्या दुपारी ऑर्व्हलनी शोक म्हणून केंद्र बंद केले होते. त्याआधी ते सूर्यास्तापूर्वी कधीच बंद पडले नव्हते. तेव्हा भर उन्हात आवाज थांबला म्हणजे आपल्या घराण्यातला कुणी हॅवरकॅम्प मेला, हा गावाचा हिशेब. उरलेला हॅवरकॅम्प मीच.

ऑटिलीबाई क्रम हातात भांडे घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"जिवंत आहेस होय," त्या म्हणाल्या. "मग हे आता खाणारेस, की परत नेऊ?"

"खाईन," मी म्हटले.

"भांडं धुऊन दे. तुझा बाप कधी धुवायचा नाही." आणि जाता जाता, "चार महिने तू आमचे उच्चार सुधारतोयस, तरी आलोच ना आम्ही?"

ऑर्व्हल शेवटी आले. टोपी काढली नाही. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "तो कागद निघाला तेव्हा आपला जिल्हा पश्चिमेकडची, तासभर मागची वेळ पाळायचा. मग मतदान झालं, अख्ख्या गावानं घड्याळं तासभर पुढे केली. कागदाला कोण सांगणार? तुमचे वडील मनातल्या मनात एक तास मिळवायचे."

म्हणजे ज्या माणसाला मी आयुष्यभर गबाळा समजलो, तो नियमाने वागत होता. आणि तासभर चूक मी केली. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. त्याचे पुनर्लेखन करण्याची गरज पुढे पडू नये.

हिस्सा मिळाला तर मिसेस स्ट्रोमायर येथे त्यांच्या साठ मैलांवरच्या केंद्राचाच आवाज पुन्हा सोडणार आहेत. तो आवाज नीटनेटका आहे, दोष काढायला जागा नाही. पण तो बंद पडला तर कुणी बटाटे उकडत ठेवणार नाही. मी काही भावनावश होऊन लिहीत नाही. भांडी मोजून लिहितो आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
ल्युशियन हॅवरकॅम्प

ता. क. क्रम घराण्यातल्या मुलाच्या दोन्ही फेकी हुकल्या आणि आपण सामना हरलो. गावाने ते ऐकले नाही. आणि त्या मुलाऐवजी आता सर्व जण मला बोल लावतात. त्याची आजी ऑटिलीबाई या व्यवस्थेवर संतुष्ट आहेत. भांडे मी दोनदा धुतले.

ता. क. (दुसरा) सोमवारी दुपारी बाराला, मयतांची नावे संपताच, "लिओनोरा हॅवरकॅम्प यांनी आपला हिस्सा विकण्यास ठाम नकार दिला आहे" असे मी जाहीर केले. माझ्या तोंडून गेलेले हे पहिले असत्य विधान. ते सत्य करण्याचा कागद सोबत जोडला आहे; सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे. उच्चार मात्र निर्दोष होता.