म्हातारीचं काम

२८ डिसेंबर १९८६, रविवार

सीतारामने मिशी काढायला साफ नकार दिला! पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचंय म्हणतो, बिनमिशीचा गेलो तर ती हो म्हणेल का? नंदकिशोर डोकं धरून बसला. सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा, पूजेला याने स्वतः लिहिलेलं नाटक, आणि नाटकातल्या म्हातारीला ही भली मोठी मिशी! बाहेरून बाई आणायला मंडळाकडे पैसे नाहीत. होते ते हिरॉईनवर गेले.

मी आपली कोपऱ्यात बसून प्रॉम्प्टिंग करत होते. नंदकिशोरने हळूच माझ्याकडे बघितलं. मग सीतारामने. मग सगळ्यांनीच.

"मालन, तुला तर सगळं पाठ आहे ना गं?"

पळत घरी आले. चपला तिथेच राहिल्या, त्या आणायलासुद्धा परत गेले नाही.

२९ डिसेंबर

वहिनी म्हणते, एवढं काय घाबरायचं, वाघ आहे का स्टेजवर?

तिला काय सांगू. भाऊबीजेला आले ती परत गेलेच नाही. दादा चाळीत सांगतो, तब्येत बरी नाही तिची, हवापालटाला आलीय. मुलुंडला कोण येतं हवापालटाला! सगळ्यांना कळलंय, कोणी बोलत नाही एवढंच. चिपळूणला हे दुकानात गिऱ्हाइकांशी हसून खिदळून बोलतात, आणि घरात आले की आधी दार लावतात. माझा आवाज जरा चढलेला त्यांना खपत नाही. अकरा वर्षं मी त्या घरात कुजबुजून बोलले. मूल नाही म्हणून ऐकून घेतलं तेही मान खाली घालून.

ते न्यायला येणार, आज ना उद्या. आणि 'चल' म्हणाले की मी पिशवी भरणार. तोंडातून नाही निघणारच नाही, मला माझं माहीत आहे. मला ह्यांची भीती वाटते, पण त्याहून जास्त माझी स्वतःची वाटते.

त्यात नाटकात काम केलं असं कळलं तर? संपलंच.

३० डिसेंबर

हो म्हणून बसले. वाट लागली.

३ जानेवारी १९८७

बालवाडीच्या खोलीत तालीम. नाटक तसं झकास आहे. बाळ्या बारा वर्षांनी दुबईहून घरी येतो. नोकरी गेलेली, पण मोठा शेठ झालो म्हणून थापा मारतो. खरं तर त्याला लहानपणापासून सर्कशीत जोकर व्हायचं असतं. आई त्याची थाप पहिल्या पाच मिनिटांत ओळखते आणि गप्प राहून त्याची मजा बघते. ती आई मी. नंदकिशोर बाळ्या.

आज माझी दोन लफडी झाली. एक, माझं बोलणं कोणाला ऐकूच जात नाही. नंदकिशोर म्हणाला, "अगं, पाचव्या रांगेतल्या माणसानेपण तिकीट नाही काढलेलं, पण त्याला ऐकू नको का यायला?" दुसरं त्याहून वाईट! समोरचा जरा थांबला की मी त्याचं वाक्य पुटपुटते. इतकी सवय! हिरॉईन चिडली. "ही माझी सासू आहे की शिकवणीची बाई?"

लहानपणी ह्याच चाळीत आमचे नाना नाटकं बसवायचे आणि मला विंगेत उभी करायचे. मुलींनी आतून वाचायचं, बाहेर यायचं नाही. मी आतून सांगायचे, बाहेर सीतारामचा बाप बोलायचा आणि लोक लोळायचे हसून. वाक्य मी दिलेलं आणि हशा त्याला! मला तो हशा पाहिजे होता. तेव्हापासून पाहिजे आहे. चिपळूणला भांडी घासताना मी मनातल्या मनात अख्खी नाटकं करायचे, दोन्ही अंक.

पण आता खरंच बाहेर यायचंय, त्याचं काय करू?

७ जानेवारी

दादाने आज विषय काढलाच. "मालू, दाजी अचानक आले आणि तू स्टेजवर असलीस तर?"

"तर काय?"

"मी काय बोलू मग त्यांना?"

दादा कंपनीत युनियनच्या मीटिंगमध्ये मोठमोठ्याने भाषणं करतो. ह्यांच्यासमोर मात्र पाट मांडतो नि पाणी देतो. जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. बिचारा माझ्याहून मोठ्या पेचात सापडलाय. मला रडू आलं, पण भाजी करपत होती.

११ जानेवारी

आवाज सापडला!

वहिनीचे हात पिठात. म्हणाली, ती बघ सुगंधा कोळीण चालली, थांबव तिला. मी गॅलरीत गेले. ती पार फाटकाशी पोचलेली. मी ओरडले — "सुगंधाऽऽ! थांब गं!" चाळीतली दारं उघडली. सुगंधाच्या डोक्यावरची पाटी हलली. खालून नंदकिशोर दोन्ही हात वर करून नाचतोय, "हाच! हाच पाहिजे!"

मी पटकन तोंडावर हात ठेवला आणि मागे वळून दाराकडे बघितलं. दार लागतंय का ते. उगाचच. वहिनीच उभी होती तिथे.

तिने बोंबील मलाच निवडायला दिले, म्हणाली, आजचे तुझ्या आवाजाने आलेले.

१५ जानेवारी

शेजारच्या रुक्मिणीकाकूंचा भाचा चिपळूणहून आला. ह्यांचा निरोप आहे. सव्वीसला दुकान बंद, तेव्हा येतो, सत्तावीसला घेऊन जातो, तयार राहायला सांगा.

सव्वीसला!

धावत नंदकिशोरकडे गेले, म्हटलं मी नाही करत. तो रागावला नाही. नुसता खाली बसला. म्हणाला, "कर किंवा नको करू. पण मालन, तू म्हातारी होऊन नुसती आत आलीस तरी सीताराम हसतो. मी लिहिलंय त्यात इतकं हसण्यासारखं नाहीये गं." मग म्हणाला, कापसाचे केस लावू, दात काळे करू, आई शप्पथ तुझी तुलासुद्धा ओळखू येणार नाहीस.

मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

१९ जानेवारी

जेवण जात नाही. दादाने पिशवी माळ्यावरून काढून ठेवलीय. रिकामीच.

२५ जानेवारी

रंगीत तालीम. रंगीत म्हणजे काय, दोन बल्ब आणि एक लाल कागद. पडदा म्हणून चाळीतल्या चार चादरी. शेठच्या घरात सोफा पाहिजे, तो चाळीत फक्त रुक्मिणीकाकूंकडे. त्यांनी दिला, पण त्यावर कोणी बसायचं नाही या अटीवर! "माझ्या सोफ्यार कोण बसलो तर बघा हां!" त्यामुळे अख्खं नाटक सगळे सोफ्याच्या बाजूला उभे.

मीही हसले खूप. मग जिन्यात येऊन कठडा धरून उभी राहिले.

२६ जानेवारी, दुपारी

अजून आले नाहीत. एसटी बंद पडू दे. सत्यनारायणाला हात जोडून हेच मागितलं, दुसरं काही सुचलंच नाही. त्याला काय वाटलं असेल!

२७ जानेवारी, सकाळी

रुक्मिणीकाकूंच्या खोलीत बसून लिहितेय. रात्री इथेच झोपले. दादाने ह्यांना सांगितलं, मालन पूजेच्या कामात आहे, बायकांबरोबर तिकडेच झोपेल.

काल दोन चादरींच्या फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत दादा, आणि त्याच्या शेजारी हे! मांडीवर प्रसादाचा द्रोण. सीतारामला म्हटलं, तू जा, मिशीसकट जा, मला नाही जमणार. तो म्हणाला, "मालू, मुलीला मिशी नाही आवडली, माझं लग्न मोडलं, आता नाटक नको मोडू." आणि ढकललंच मला मेल्याने.

पहिलं वाक्य कसं बोलले आठवत नाही. हसले लोक. दुसऱ्याला जास्त हसले. सगळं नीट चाललं होतं आणि दुसऱ्या अंकात, बाळ्या आईला खरं सांगतो तिथे, नंदकिशोर ठप्प! स्वतः लिहिलेलं विसरला. डोळे पांढरे. घाबरून सोफ्यावर बसला, तर प्रेक्षकांतून रुक्मिणीकाकू — "उठ रे मेल्या थंयसून!" मी सवयीने त्याचं वाक्य पुटपुटले. त्याला ऐकू येईना. परत पुटपुटले. शेवटी माझं डोकंच फिरलं. काठी आपटून ओरडले, "अरे बोल ना! आई माझी नोकरी गेली, असं म्हण! नऊ महिने तुला सांभाळला, आता तुझी वाक्यंपण मीच सांभाळू?"

असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. थांबेचना! आणि त्यात तिसऱ्या रांगेतून ह्यांचं हसणं. दुकानातलं. मला बरोबर ओळखू आलं.

पडदा पडल्यावर मागच्या दाराने इथे आले. कापूससुद्धा काकूंनीच काढला केसांतला. ह्यांनी मला ओळखलंच असणार. अकरा वर्षांची बायको, आवाज काय लपतो! चारचौघांत हसले असतील, आता दार लागेल.

वहिनीने बोलावणं पाठवलंय, चहा झालाय. जाते. काय होईल ते होईल. पण 'चल' म्हणाले तर?

२७ जानेवारी, संध्याकाळी

ओळखलंच नव्हतं त्याने, माझ्या नवऱ्याने! चहा पिता पिता दादाला विचारत होता, "ती म्हातारी कुठून आणलीत हो? काय बाई आहे! हसून हसून पोट दुखलं." दादा खाली बघतोय, वहिनी माझ्याकडे. मी म्हटलं, मीच ती. तर परत हसला. म्हणाला, "हिला कधीपासून चेष्टा सुचायला लागली? चल, पिशवी भर." मी म्हटलं, मी येत नाही. एकदाच म्हटलं. तेव्हा कुठे हसायचा थांबला. मग वहिनीने उठून दार उघडलं आणि उघडंच ठेवलं.

दुपारच्या गाडीने गेला. एकटा. रिकामी पिशवी मी परत माळ्यावर टाकली.