आबांच्या पाखरांची ज्वारी

अकोला, १८ ऑक्टोबर २००४

ती. ललिताताईस,
देवमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन आबांच्या खाटेशीच आहे, म्हणून पत्र लिहितो. शेत मक्त्याने देऊन त्यांना इथे आणल्यापासून ते आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. अंगणातल्या ताटलीवर येणाऱ्या होल्यांशी मात्र दिवसभर. पाऊस नसल्याने पेरायचे राहिलेले ज्वारीचे बियाणे त्यांनी गावाहून आणले होते. राखेत ठेवलेले घरचे उरलेले बी जन्मभर धुऊन कोंबड्यांना घातले, तसेच हेही तीनदा धुऊन पाखरांना घातले. पण हे पाकिटातले, गुलाबी औषध लावलेले. सकाळी सगळे होले अंगणात मरून पडले होते.

तेव्हापासून ते ताट सरकवतात. माधवी गरम भाकरी घेऊन मागे लागते, पण लाडक्या सुनेचेही ऐकत नाहीत. उरलेले बियाणे मी खोल खड्ड्यात पुरले. खरे सांगू? पाखरांच्या काळजीने नाही. आबाच काही करून घेतील, अशी भीती वाटते गं.

तुझी माया आहेच, ती दोन ओळींतून पाठव.
तुझा देवमन

अमरावती, २३ ऑक्टोबर २००४

चि. देवमन यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. बियाणे पुरलेस ते बरे केलेस. आता वडिलांची समजूत घालत बसू नकोस; तू समजावायला लागलास की वर्ग भरल्यासारखे वाटते. इथे वडाळीच्या तलावावर धोबी पक्षी आलेत, शेपट्या हलवत काठाने हिंडतात. तुमच्या कापशीच्या तलावावरही आले असतील. ते चिखलातले किडे खातात, त्यांना कुणी दाणे टाकत नाही. आबांना तिकडे ने. सुटी लागली की मी येतेच.

माधवीला सांभाळ, स्वतःलाही.
ताई

अकोला, २ नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

आबांना ऑटोने कापशीला नेले. एक धोबी थेट त्यांच्या पायाशी आला. त्याच्याकडे पाहत आबा म्हणाले, याले आपलं काईच लागत नाई. आणि मोठ्याने रडले. येताना स्वतःच किराणा दुकानाशी ऑटो थांबवून ज्वारी घेतली. मला किती बरे वाटले!

पण सकाळी त्यांनी ती ताटलीत घातलीच नाही. मूठभर कच्चीच चावून खाल्ली आणि दुपारपर्यंत आपल्याला काही होते का ते पाहत बसले. मग पाखरांना घातली. आता रोज तसेच. म्हणतात, आंदी मी खाईन, मंग त्यायले. माधवीला वाटते, निदान पोटात काहीतरी जाते आहे. मला बघवत नाही. दुकानची साधी ज्वारी आहे, हे खाऊन दाखवायला काल मी हात पुढे केला. त्यांनी मूठ घट्ट मिटली. तू नोको खाऊ म्हणाले, तुले लेकरं हायेत.

ताई, सुटीची वाट पाहू नकोस.
तुझा देवमन