चारही फोटोंखाली मडावी

मंगळवार, मोहर्ली

डोकं फिरलंय. पर्यटकांना घरी जेवू घालणाऱ्या इथल्या चार बायकांची वेबसाइट करतेय. पूर्ण नावातून पहिला शब्द कापून फोटोखाली दाखवायचा, एवढासा कोड. पण इथं आडनाव आधी सांगतात, हे मला सुचू नये? चारही फोटोंखाली नुसतं ‘मडावी’!

“काऊन वो मॅडम, आमी सगळ्या एकच का?” त्यांतल्या सुगंधाबाई हसल्या.

मग दुसरा शब्द कापला, तर कुसुमच्या फोटोखाली तिचा नवरा! तिने एकटीनेच आडनावानंतर नवऱ्याचं नाव आधी, स्वतःचं शेवटी सांगितलेलं.

वैतागून तो कोडच पुसला. प्रत्येकीलाच विचारलं, काय लिहू?

सुगंधाबाई स्क्रीनवरच्या आपल्या फोटोकडे वाकल्या. मग म्हणाल्या, “नुसतं सुगंधा लिवा. बाई नोका लावू. सासरी आली तवापासून मले कोनी तशी हाक नाई मारली.”