आईची वाचा

प्रिय गुंड्या,

फोनवर तू एक गोष्ट विचारलीस आणि मी "लिहून कळवते" म्हणून फोन ठेवून दिला. राग आला असणार तुला. आधी इथलं सगळं सांगते.

अर्धांगवायूच्या झटक्यानं आईची वाचा गेली, तेव्हा तिला तपासणारी डॉक्टरीण आपल्या दोघांपेक्षाही लहान होती. बोलणं परत कधी येईल, असं काकांनी तिला विचारलं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. थोडंफार येईल असं वाटतं. किती आणि कधी, ते आज सांगता येणार नाही." काका भडकलेच. "माहीत नाही तर डॉक्टर कशाला झालात?" लगेच आईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं, महिनाभरात घडाघडा बोलतील. काका खूश. येईल त्याला तेच सांगायचे, आईच्या देखत.

आईला सगळं समजत होतं रे, जीभ तेवढी ऐकत नव्हती. महिना उलटला तशी तिनं धडपडच सोडली. आपणच कमी पडलो, असं मनाशी धरलं असावं. मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड फिरवायची. शेवटी काकांना न विचारता मी त्या पहिल्या डॉक्टरणीला घरी बोलावलं. ती काकांशी नाही, थेट आईशी बोलली. "शब्द कधी येतील ते मला खरंच कळत नाही. पण तुमचं काही चुकत नाहीये. भलता शब्द आला तरी येऊ द्या." आई तिच्याकडे बघत राहिली. मग चहाच्या कपाकडे बोट करून म्हणाली, "खिडकी." डॉक्टरीण मला म्हणाली, "द्या त्यांना ती खिडकी." आई हसली, अर्ध्याच तोंडानं, पण पोट हलेपर्यंत.

आता रोज चार-दोन शब्द येतात, त्यातले निम्मे भलतेच. मला ती मावशीच्या नावानं हाक मारते. काकांना "साबण" म्हणते आणि काका मुकाट्यानं ओ देतात.

"मी आलो तर आई मला नावानं हाक मारेल का?" असं तू विचारलंस. "मारेल रे, ये तू" हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, म्हणून हे पत्र. गुंड्या, मला माहीत नाही. कदाचित मारेल. कदाचित नुसती बघत बसेल, आणि ते तुला सोसेल की नाही, हेही मला सांगता येत नाही. एवढं धरून यायचं असेल, तर ये.

तुझीच,
ताई